पीएलसी शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय किंवा डिप्लोमा करून मेंटेनन्सला लागलेली मुलं, वर्षानुवर्षं पॅनल वायरिंग केलेले वायरमन आणि स्वतःची मशीन बनवणारे छोटे वर्कशॉपवाले, या तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट बहुतेक उत्तरांत पुन्हा येईल, म्हणून आधीच सांगतो. प्रोग्रामला तुमचं बटण, सेन्सर किंवा मोटर दिसत नाही. टर्मिनलवर व्होल्टेज आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. शिकणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

१. पीएलसी म्हणजे नेमकं काय? रिलेच्या पॅनलपेक्षा त्यात वेगळं काय आहे?

पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) हा कारखान्याची धूळ, उष्णता आणि विजेचा गोंगाट सहन करील असा बांधलेला कंट्रोलर आहे. एका बाजूने बटणं, लिमिट स्विच, प्रॉक्सी (वस्तू जवळ आली की कळवणारा सेन्सर) असे इनपुट येतात. दुसऱ्या बाजूने कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दिवे असे आउटपुट निघतात. कुठल्या इनपुटवर कुठला आउटपुट द्यायचा, हे मधला प्रोग्राम ठरवतो. मोटरचा करंट पीएलसीतून जात नाही; तो कॉन्टॅक्टरमधूनच जातो.

रिले म्हणजे कॉइलला वीज दिली की संपर्क जोडणारा किंवा तोडणारा स्विच. रिलेच्या पॅनलमध्ये हेच ठरवणं वायरिंगमध्ये असतं. क्रम बदलायचा तर वायरी सोडून पुन्हा जोडायच्या. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाला हाच त्रास होता: मॉडेल बदललं की रिलेची कपाटं नव्याने वायर करायची. १९६८ मध्ये त्यांनी रिलेची जागा घेईल अशा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरची मागणी मांडली. बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ बनवला. कंपनीचा तो ८४ वा प्रकल्प, म्हणून ते नाव. मॉडिकॉन आज श्नायडर इलेक्ट्रिककडे आहे.

२. मी इलेक्ट्रिशियन आहे. प्रोग्रामिंग कधी केलं नाही, इंग्रजीही कच्चं आहे. मला जमेल का?

जमेल. पीएलसी बनलाच मुळी रिलेचं ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसासाठी, आणि लॅडर (शिडीसारख्या ओळींत काढला जाणारा प्रोग्राम) त्या ड्रॉइंगसारखा दिसतो तो त्यामुळेच. डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) आणि स्टार-डेल्टा स्टार्टरचं कंट्रोल सर्किट तुम्हाला कागदावर काढता येत असेल, तर कॉम्प्युटरची पदवी घेऊन आलेल्या मुलापेक्षा तुमची सुरुवात चांगली होईल. त्याला प्रोग्राम लवकर येईल, पण ९५-९६ म्हणजे ओव्हरलोडचा (मोटरचा करंट फार वाढला की सुटणाऱ्या संरक्षणाचा) एनसी, म्हणजे एरवी जोडलेला संपर्क हे शिकायला वेळ लागेल.

इंग्रजीचं म्हणाल, तर मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचू नका. आधी वायरिंगची चित्रं, मग इनपुट-आउटपुटचं रेटिंग, मग एरर कोडची यादी. या तीन भागांतले शब्द मोजकेच आहेत आणि सगळ्या कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तेच ते येतात.

मशीनवरच्या स्क्रीनचे, म्हणजे एचएमआयचे संदेश मात्र मराठीत द्या. 'दोन नंबर पंपाचा ओव्हरलोड पडला' असं दिसलं की रात्रपाळीचा ऑपरेटर कुणाची वाट न बघता बरोबर पॅनलपाशी जातो. त्या एचएमआयवर 'त्र', 'र्क', 'क्ष' नीट उमटतात का, हे ऑर्डर देण्याआधी पाहून घ्या.

३. स्कॅन म्हणजे काय? प्रोग्राम ओळीने चालतो की सगळा एकदम?

ओळीने चालतो, पण ठरलेल्या फेरीत. पीएलसी आधी सगळे इनपुट एकदाच वाचून मेमरीत ठेवतो. मग प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सोडवतो. मग आलेलं उत्तर एकदम सगळ्या आउटपुटवर टाकतो. शेवटी कम्युनिकेशनसारखी स्वतःची कामं उरकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ही एक फेरी म्हणजे एक स्कॅन. छोट्या मशीनवर तो काही मिलिसेकंदांचा असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. प्रोग्राम सोडवला जात असताना इनपुट बदलला, तर तो बदल पुढच्या फेरीत कळतो. आणि ओळींचा क्रम महत्त्वाचा असतो: वरच्या ओळीत बदललेला बिट (० किंवा १ ठेवणारी मेमरीतली जागा) खालच्या ओळीला लगेच दिसतो, पण खालच्या ओळीत बदललेला वरच्या ओळीला पुढच्या फेरीतच. प्रश्न ११ आणि १३ याच्याशिवाय समजणार नाहीत.

स्कॅन ठरलेल्या वेळेपेक्षा लांबला तर वॉचडॉग (स्कॅनच्या वेळेवर नजर ठेवणारा टायमर) पीएलसीला फॉल्टमध्ये टाकतो. सीमेन्सच्या एस७-१२०० या पीएलसीमध्ये ही मर्यादा मुळात १५० मिलिसेकंद असते आणि ती बदलता येते. चुकून न संपणारा लूप लिहिलात तर पहिला फटका इथेच बसतो.

४. लॅडर शिकू की स्ट्रक्चर्ड टेक्स्ट?

आधी लॅडर. आयईसी ६११३१-३ या मानकात लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामसारखी शब्दांत लिहायची भाषा), सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट आणि इन्स्ट्रक्शन लिस्ट अशा पाच भाषा होत्या. त्यातली इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली. नव्याने शिकू नका. गणित, रेसिपी, एकाच कामाच्या अनेक आवृत्त्या आल्या की स्ट्रक्चर्ड टेक्स्ट सोपं पडतं. पण रात्री दोन वाजता बंद पडलेल्या मशीनसमोर उभं राहून 'कुठली अट अडली आहे' हे लॅडरइतकं झटकन दुसरं काहीच दाखवत नाही.

५. कुठल्या कंपनीचा पीएलसी शिकू? घरी सराव करायला काय लागेल?

तुमच्या कारखान्यात किंवा आजूबाजूच्या एमआयडीसीत जो आहे, तो. वाहन कारखान्यांच्या मोठ्या लाइनींवर सीमेन्स, रॉकवेल, मित्सुबिशी जास्त दिसतात. छोट्या पॅकिंग मशीनवर आणि वर्कशॉपमध्ये बनलेल्या मशीनवर डेल्टा. पुण्याच्या मेसंगचेही भेटतील. एक नीट शिकलात की दुसऱ्यावर जाताना पत्ते आणि मेनू बदलतात, विचार बदलत नाही.

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर कोडेसिस हे पीएलसी प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर मोफत उतरवता येतं आणि त्यात सिम्युलेशन आहे. डेल्टाचं डब्ल्यूपीएलसॉफ्ट आणि रॉकवेलच्या मायक्रो८०० मालिकेचं कनेक्टेड कॉम्पोनंट्स वर्कबेंच यांची साधी आवृत्ती मोफत आहे. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलची चाचणी आवृत्ती २१ दिवस चालते.

पण नुसत्या सिम्युलेशनवर थांबू नका. सिम्युलेटरमध्ये वायर कधी सैल होत नाही. एक जुना छोटा पीएलसी, २४ व्होल्टचा एसएमपीएस (२३० व्होल्टपासून २४ व्होल्ट डीसी देणारा पुरवठा), एक एनओ (एरवी उघडं) आणि एक एनसी बटण, एक प्रॉक्सी, दोन इंटरपोजिंग रिले (पीएलसीचा आउटपुट आणि मोठं लोड यांच्या मधले रिले), दोन दिवे आणि मल्टिमीटर एवढं एका प्लायवर बसवा. सगळं २४ व्होल्ट डीसीवर ठेवा. घरी फक्त एसएमपीएसच्या इनपुटला २३० व्होल्ट येईल, तेवढा भाग झाकून एमसीबीमागे घ्या.

६. मित्सुबिशीवर एक्स ७ नंतर एक्स ८ सापडत नाही. मॉड्यूल खराब आहे का?

नाही. मित्सुबिशी एफएक्स आणि डेल्टा डीव्हीपी यांचे इनपुट-आउटपुट अष्टमान पद्धतीने (फक्त ० ते ७ हे अंक वापरून) मोजतात, म्हणून एक्स ७ नंतर थेट एक्स १० येतो. सीमेन्समध्ये आय ०.७ नंतर आय १.० येतो, कारण एका बाइटमध्ये आठच बिट मावतात. इनपुटची यादी करताना हे विसरलं की पॅनलवरचं नवव्या वायरपासूनचं सगळं लेबलिंग चुकतं.

७. पीएनपी प्रॉक्सीऐवजी एनपीएन लावला. सेन्सरचा दिवा लागतो, पण पीएलसीला इनपुट येत नाही. का?

दोघांच्या वायरी सारख्याच दिसतात: तपकिरी २४ व्होल्ट, निळी शून्य, काळी सिग्नल. फरक काळ्या वायरीत आहे. पीएनपी चालू झाला की काळ्या वायरीवर २४ व्होल्ट देतो. एनपीएन चालू झाला की तीच वायर शून्याला जोडतो.

इनपुटमधून करंट वाहायला दुसरं टोक उलट बाजूला हवं. म्हणून पीएनपीसाठी इनपुटचा कॉमन शून्याला, एनपीएनसाठी २४ व्होल्टला. डेल्टामध्ये हा कॉमन एस/एस नावाचा, सीमेन्स एस७-१२०० मध्ये १एम. 'सिंक' आणि 'सोर्स' हे शब्द कुणी सेन्सरच्या बाजूने वापरतो, कुणी इनपुटच्या बाजूने. त्या शब्दांवर न जाता करंट कुठून निघून कुठे जातो ते बोटाने ड्रॉइंगवर फिरवून पाहा.

एका कॉमनवर दोन्ही जातीचे सेन्सर चालणार नाहीत. स्टोअरमध्ये फक्त एनपीएन शिल्लक असेल आणि लाइन थांबली असेल, तर मध्ये २४ व्होल्टचा छोटा रिले घालून वेळ मारून नेता येते. मात्र वेगाने मोजायच्या सेन्सरला हा उपाय करू नका.

८. स्टॉप बटण एनसी आहे, म्हणून लॅडरमध्येही एनसी संपर्क घेतला. मोटर सुरूच होत नाही. चूक कुठे आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो सुटला की पीएलसी समजायला लागतो.

एनसी बटण दाबलेलं नसताना त्यातून २४ व्होल्ट टर्मिनलवर येतात, म्हणून इनपुटचा बिट १ असतो. लॅडरमधला एनओ संपर्क 'हा बिट १ असेल तर पुढे जा' असं म्हणतो. एनसी संपर्क 'हा बिट ० असेल तर पुढे जा' असं म्हणतो. बाहेर कुठल्या जातीचं बटण आहे हे दोघांनाही माहीत नाही. तुम्ही एनसी घेतलात आणि बिट आहे १, म्हणून वाट कायम बंद. बरोबर ओळ अशी:

```
|--+--[ स्टार्ट ]--+--[ स्टॉप ]--[ ओव्हरलोड ]--( मोटर )--|
|  |               |
|  +--[ मोटर  ]----+
```

इथले चारही संपर्क एनओ आहेत. स्टॉप आणि ओव्हरलोडचा ९५-९६ बाहेर एनसी वायर केलेले आहेत, म्हणून एरवी त्यांचे बिट १. स्टार्ट सोडल्यावरही मोटर चालू राहते, कारण मोटरचाच संपर्क स्टार्टला समांतर आहे.

मग पुढचा प्रश्न हमखास येतो: बाहेर एनओ बटण लावून आत एनसी संपर्क घेतला तर काय बिघडलं? टेबलावर काहीच बिघडत नाही, मोटर सुरूही होते आणि बंदही होते. पण मशीनच्या कंपनाने स्टॉपची वायर टर्मिनलमधून निसटली तर कुणालाच कळत नाही. मोटर चालत राहते. वायर निसटल्याचं कळतं ते थेट कुणीतरी घाबरून स्टॉप दाबतो आणि काही होत नाही तेव्हा. एनसी वायरिंगमध्ये वायर निसटली की बिट ० होतो आणि मोटर त्याच क्षणी थांबते. बंद पडलेली मोटर हा त्रास आहे, न थांबणारी मोटर हा अपघात आहे. म्हणून थांबवणारी प्रत्येक गोष्ट बाहेर एनसी वायर करायची: स्टॉप, ओव्हरलोड, टोकाचा लिमिट स्विच, गार्डचा स्विच.

तपासायचं असेल तर मशीनला लोड नसताना, आजूबाजूला कुणी नसताना मोटर चालू करा आणि स्टॉपची २४ व्होल्टची वायर टर्मिनलवरून काढा. मोटर थांबलीच पाहिजे.

९. इमर्जन्सी स्टॉपसुद्धा असाच पीएलसीला एनसी जोडून चालेल ना?

नाही. साधा स्टॉप आणि इमर्जन्सी स्टॉप यांत मोठा फरक आहे. पीएलसीचा आउटपुट रिले चिकटू शकतो, ट्रान्झिस्टर जळून कायमचा चालू राहू शकतो, कुणी बिट फोर्स करून, म्हणजे लॅपटॉपवरून जबरदस्तीने ० किंवा १ करून विसरू शकतो (प्रश्न १७). अशा वेळी प्रोग्राम कितीही बरोबर असला तरी मशीन थांबणार नाही.

म्हणून इमर्जन्सी स्टॉप दोन संपर्कांनी सेफ्टी रिलेला जातो आणि सेफ्टी रिले कॉन्टॅक्टरचा पुरवठाच तोडतो. पीएलसीला फक्त 'दाबला आहे' ही खबर जाते, म्हणजे तो स्क्रीनवर दाखवेल आणि क्रम पहिल्यावर आणेल. बटण फिरवून सोडल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. वेगळा रीसेट आणि मग वेगळा स्टार्ट हवा.

याला दोन अपवाद आहेत. पहिला सेफ्टी पीएलसीचा: सीमेन्सचे एफ मालिकेचे सीपीयू किंवा रॉकवेलचे गार्डलॉजिक्स हे याच कामासाठी प्रमाणित आहेत, त्यांना त्यांच्याच सेफ्टी मॉड्यूलमधून जोडता येतं. दुसरा अपवाद असा, की काही मशीनवर पुरवठा लगेच तोडणंच धोक्याचं असतं. जड फिरणारा रोल आधी ड्राइव्हने (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरने) ब्रेक करून मग पुरवठा तोडतात. आयईसी ६०२०४-१ मध्ये याला स्टॉप कॅटेगरी १ म्हणतात, लगेच तोडण्याला कॅटेगरी ०. उभ्या दिशेने लोंबणाऱ्या वजनाला ब्रेक हवाच. जॉब पकडलेला क्लॅम्प इमर्जन्सीत सुटता कामा नये. हे मशीन बनवतानाच ठरवायचं असतं, नंतर प्रोग्राममध्ये भागवता येत नाही.

१०. रिले आउटपुटचा पीएलसी घेऊ की ट्रान्झिस्टरचा?

रिले आउटपुटला एसी-डीसी दोन्ही चालतं आणि साधारण २ अँपिअरपर्यंत झेपतं, पण तो हळू आहे आणि त्याचा संपर्क झिजतो. एस७-१२०० च्या डेटाशीटमध्ये रिले संपर्काचं आयुष्य पूर्ण लोडवर १ लाख खेळी दिलं आहे. दर सेकंदाला एकदा चालू-बंद होणारा व्हॉल्व्ह दिवसाला ८६,४०० खेळी करतो. हिशेब तुमच्यासमोर आहे. सतत चालू-बंद होणाऱ्या डीसी व्हॉल्व्हला आणि स्टेपर किंवा सर्व्होला पल्स द्यायला ट्रान्झिस्टर आउटपुट घ्या. तो फक्त डीसी आणि साधारण अर्धा अँपिअर, त्यामुळे मोठ्या कॉइलला मध्ये इंटरपोजिंग रिले.

दोन्हीकडे कॉइलच्या उलट्या झटक्याचा बंदोबस्त हवा. डीसी कॉइलवर उलटा डायोड, साधा वन एन ४००७ चालतो, पट्टी असलेलं टोक प्लसला. एसी कॉइलवर डायोड लावलात तर शॉर्ट होईल, तिथे आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी).

११. एकच आउटपुट ऑटोच्या ओळीत आणि मॅन्युअलच्या ओळीतही दिला. मॅन्युअल चालतं, ऑटो चालत नाही. का?

कारण शेवटची ओळ जिंकते. ऑटोच्या ओळीने बिट १ केला, खाली मॅन्युअलच्या ओळीची अट पूर्ण नाही म्हणून तिने तोच बिट ० केला. आउटपुटवर जातं ते फेरीच्या शेवटी उरलेलं उत्तर (प्रश्न ३). मॉनिटरवर ऑटोची ओळ हिरवी दिसते आणि व्हॉल्व्ह मात्र हलत नाही, त्यामुळे मुलं तासभर वायरिंग तपासत बसतात.

उपाय सोपा आहे. ऑटोसाठी एक अंतर्गत बिट, मॅन्युअलसाठी दुसरा, आणि सगळ्यात शेवटी एकच ओळ: दोन्ही बिट समांतर, पुढे सगळे इंटरलॉक (चुकीच्या वेळी चालू होऊ न देणाऱ्या अटी), मग खरा आउटपुट. सगळे आउटपुट असे एका जागी आणले की बंद पडलेलं मशीन शोधायलाही सोपं जातं. सेट आणि रीसेट कॉइल अनेक ओळींत आल्या तरी चालतात, पण तिथेही दोन्ही अटी एकदम आल्या तर खालची जिंकते हे लक्षात ठेवा.

१२. फॉरवर्ड-रिव्हर्सचा इंटरलॉक प्रोग्राममध्ये दिला होता, तरी फ्यूज उडाले. असं कसं?

प्रोग्रामने एक आउटपुट बंद आणि दुसरा चालू एकाच क्षणी केला. पण पहिल्या कॉन्टॅक्टरला सुटायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात दुसरा ओढला गेला, तर दोन फेजचा शॉर्ट होतो. संपर्क वितळून चिकटला असेल, तर आउटपुट बंद करूनही कॉन्टॅक्टर सुटतच नाही, आणि प्रोग्रामला ते कळत नाही.

म्हणून प्रोग्राममधला इंटरलॉक हवाच, पण त्याशिवाय एका कॉन्टॅक्टरचा २१-२२ एनसी संपर्क दुसऱ्याच्या कॉइलच्या वायरीत घालायचा, शक्य असेल तर मेकॅनिकल इंटरलॉकही. प्रोग्राममध्ये बदलताना छोटा टायमर द्या. स्टार-डेल्टालाही हेच लागू.

१३. काउंटर कमी मोजतो. सेन्सर तर नवा आहे.

पल्स स्कॅनपेक्षा लहान असेल तर दोन वाचनांच्या मध्ये येऊन निघून जाते. स्कॅन १० मिलिसेकंदांचा असेल, तर पल्स किमान १० मिलिसेकंद चालू आणि तेवढीच बंद राहायला हवी, म्हणजे सेकंदाला जेमतेम ५०. शिवाय इनपुटला स्वतःचा फिल्टर असतो, एस७-१२०० मध्ये मुळात ६.४ मिलिसेकंदांचा.

मिनिटाला १२० बाटल्या म्हणजे सेकंदाला २. साधा काउंटर सहज मोजेल. पण फेरीला १००० पल्स देणारा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) १५०० आरपीएमने फिरला तर सेकंदाला २५,००० पल्स येतात. त्याला हाय-स्पीड काउंटरच हवा. तो स्कॅनची वाट न पाहता हार्डवेअरमध्ये मोजतो आणि ठरावीक इनपुटवरच असतो.

कमी नाही तर मध्येच उणे आकडा दिसत असेल, तर कारण वेगळं: १६ बिटांच्या आकड्यात ३२,७६७ पेक्षा जास्त मावत नाही. महिन्याचं उत्पादन मोजायला ३२ बिटांचा घ्या.

१४. टायमरला ५ टाकलं तर ५ सेकंद का होत नाहीत? आणि मध्येच शून्यावर का जातो?

मित्सुबिशी एफएक्समध्ये टी ० ते टी १९९ हे १०० मिलिसेकंदांच्या पटीत मोजतात, म्हणून ५ सेकंदांना के ५०. शून्यावर जातो कारण साध्या ऑन-डिले टायमरची अट क्षणभर तुटली तरी तो पुन्हा पहिल्यापासून मोजतो. मोटरचे एकूण चालू तास मोजायचे असतील तर साठवणारा टायमर घ्या. रॉकवेलमध्ये तो आरटीओ, सीमेन्समध्ये टीओएनआर. त्याला रीसेट तुम्हालाच द्यावा लागतो.

१५. अॅनालॉग सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर का? शून्यापासून का नाही?

शून्यापासून असता तर 'टाकी रिकामी' आणि 'वायर तुटली' यांतला फरक कळला नसता. ४ पासून सुरुवात असल्यामुळे रिकाम्या टाकीलाही ४ मिलिअँपिअर येतात. त्याच्या बरंच खाली गेलं म्हणजे बिघाड. सर्वसाधारण संकेत असा, की ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर म्हणजे सेन्सर किंवा वायरचा दोष. दोन वायरींचा ट्रान्समीटर याच ४ मिलिअँपिअरवर स्वतःही चालतो.

५ मीटरच्या टाकीचं उदाहरण घ्या. ४ ला ० मीटर, २० ला ५ मीटर, १२ ला अडीच. एस७-१२०० मध्ये ही पूर्ण पट्टी ० ते २७,६४८ अशी येते, म्हणून अडीच मीटरला १३,८२४. आलेला आकडा २७,६४८ ने भागून ५ ने गुणायचा, पण आधी रिअलमध्ये (दशांश आकड्यात) बदलून. पूर्णांकात आधी भागलात तर उत्तर ० किंवा १ एवढंच येईल.

इथेही प्रश्न ८ चाच विचार करायचा. वायर तुटली की प्रोग्रामला पातळी शून्य दिसते, तो टाकी रिकामी समजून पंप चालू करतो आणि पाणी वाहत राहतं. म्हणून बिघाडाची तपासणी आधी, पातळीची तुलना नंतर.

१६. वीज गेली आणि परत आली की मशीन आपोआप सुरू झालं. हे कसं थांबवायचं?

बहुधा मोटर चालू ठेवायला सेट कॉइल वापरली आहे आणि तो बिट साठवणाऱ्या मेमरीत आहे. वीज आल्यावर बिट तसाच १. प्रश्न ८ मधल्या ओळीत हा धोका नाही: मोटरचा बिट साठवलेला नसेल तर वीज गेली की धरून ठेवणंही सुटतं. भारनियमनात मशीन साफ करायला हात घालणारे लोक असतात, म्हणून वीज आल्यावर पुन्हा स्टार्ट दाबायलाच लागलं पाहिजे. पाणीपुरवठ्याचा पंप किंवा शीतगृहाचा कॉम्प्रेसर आपोआप सुरू व्हायला हवा असेल, तर आधी भोंगा, मग ठरावीक थांबा, आणि सगळ्या मोटरी एकामागून एक.

यातली फसवी जागा पुढे आहे. वीज पूर्ण न जाता क्षणभर दबली, तर २३० व्होल्टचा कॉन्टॅक्टर सुटतो, पण एसएमपीएस तेवढा वेळ तग धरतो आणि पीएलसी चालूच राहतो. त्याच्या लेखी मोटर चालूच आहे. व्होल्टेज परतताच कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला जातो आणि मोटर स्वतःहून सुरू होते. यासाठी कॉन्टॅक्टरचा १३-१४ संपर्क (कॉन्टॅक्टर ओढला की जोडला जाणारा एनओ) इनपुटला घ्या. आउटपुट चालू आहे पण १३-१४ आलेला नाही, असं ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त राहिलं की आउटपुट सोडा आणि अलार्म द्या. थांबा फार मोठा ठेवला तर छोटा दाब निसटेल; कॉन्टॅक्टर ओढायला लागणाऱ्या वेळेपेक्षा थोडाच जास्त ठेवा. चालू झाल्यानंतर १३-१४ सुटला तर मात्र लगेच सोडा.

१७. लाइन थांबू नये म्हणून सेन्सरचा बिट फोर्स करून चालवली. यात काय धोका?

फोर्स केलेला बिट खऱ्या इनपुटचं ऐकत नाही, आणि लॅपटॉप काढल्यावरही अनेक पीएलसींत तसाच राहतो. सिलेंडर मागे आला नसतानाही 'मागे आला' असं प्रोग्रामला वाटत राहतं. फोर्स फक्त तपासणीसाठी, मशीनपाशी दुसरा माणूस उभा करून, आणि काढेपर्यंत पॅनलवर पाटी लावून. गार्ड किंवा सेफ्टीचा बिट कधीच नाही, उत्पादन व्यवस्थापक कितीही घाई करोत.

१८. मशीन थांबलं आहे. पीएलसी खराब झाला हे कसं ओळखू?

पीएलसी स्वतः क्वचित खराब असतो. समोरचे दिवे पाहा. एकही दिवा नसेल तर २४ व्होल्ट मोजा. रनचा दिवा बंद किंवा फॉल्टचा लाल असेल तर लॅपटॉप जोडून आधी एरर कोड लिहून घ्या, मग रीस्टार्ट करा. उलट केलंत तर पुरावा जाऊ शकतो.

रन चालू असेल तर जो आउटपुट येत नाही तिथून मागे या. आउटपुटचा दिवा लागला आहे पण व्हॉल्व्ह हलत नाही: दोष बाहेर आहे, टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मग इंटरपोजिंग रिले, मग कॉइल, मग हवा. आउटपुटचा दिवाच नाही: लॅडरमध्ये त्या आउटपुटची ओळ काढा आणि कुठली अट अडली आहे ते पाहा. ती अट एखादा इनपुट असेल तर त्याचा दिवा पाहा. सेन्सरचा दिवा लागतो पण इनपुटचा नाही: वायर किंवा कॉमन (प्रश्न ७). इनपुटचा दिवा लागतो पण प्रोग्राममध्ये बिट ०: पत्ता चुकला, फोर्स आहे, किंवा आता खरंच मॉड्यूलकडे बघा.

१९. मॉडबसवर (उपकरणांनी एकमेकांना आकडे पाठवायच्या पद्धतीवर) ड्राइव्हचा आकडा चुकीचा येतो. वायरिंग तर बरोबर आहे.

उत्तर येतंय म्हणजे वायरिंग ठीकच असणार; आरएस-४८५ च्या दोन्ही टोकांना १२० ओहम आहे ना, एवढं पाहून घ्या. मग पत्ता तपासा. मॉडबस १९७९ पासूनचा, मॉडिकॉनचाच, आणि मॅन्युअलमधला ४०००१ हा प्रत्यक्ष संदेशात ० असतो. कुणाचं सॉफ्टवेअर एक वजा करतं, कुणाचं नाही, म्हणून शेजारचा एक आकडा मागे-पुढे वाचून बघा. दशांश आकडा वेडावाकडा दिसत असेल तर दोन रजिस्टरांचा क्रम उलटा करा. ५० हर्ट्झऐवजी ५००० दिसत असेल तर तो बिघाड नाही, ड्राइव्ह शंभराव्या भागात पाठवतो आहे.

मॉडबसमध्ये पासवर्ड नाही, हेही लक्षात घ्या. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने सीमेन्सच्या पीएलसींतला प्रोग्राम बदलला आणि स्क्रीनवर सगळं ठीक दाखवलं. पीएलसीचं पोर्ट थेट इंटरनेटला उघडू नका.

२०. जुनं मशीन घेतलं, बॅकअप नाही. पीएलसीतून प्रोग्राम काढून घेता येईल का?

पासवर्ड नसेल तर बहुधा येईल, पण अनेक जुन्या पीएलसींत कमेंट आणि नावं साठवलेली नसतात. हाती येतो तो नुसत्या एम १०२, डी २०० अशा पत्त्यांचा प्रोग्राम. इनपुट-आउटपुटपासून सुरुवात करा: एकेक सेन्सर हाताने चालवून कुठला दिवा लागतो ते लिहा, नावं द्या, मग आतले बिट हळूहळू उलगडतात. पासवर्ड असेल तर मशीन बनवणाऱ्याकडे मागा. तोडायचे प्रोग्राम मिळतात ते वापरू नका, त्यात मूळ प्रोग्राम पुसला जाण्याचाही धोका असतो.

बॅटरीचा दिवा लागला असेल तर तो आधी बघा. जुन्या पीएलसींत प्रोग्राम रॅममध्ये असतो आणि बॅटरी संपली की जातो. आधी अपलोड करून दोन ठिकाणी ठेवा, आणि मग मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल त्याप्रमाणे बॅटरी बदला. बहुतेक ठिकाणी ती पुरवठा चालू ठेवूनच बदलायची असते. काही ठिकाणी पुरवठा बंद करून ठरलेल्या थोड्या वेळात.